गल्लीच्या टोकाचं घर

पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबील ओढ्याच्या काठी काही जुन्या गल्ल्या आहेत. त्यातल्या एका गल्लीत, अगदी टोकाला, एक बैठं घर विकायला निघालं होतं. ही गोष्ट 2014 सालची.

घर बघायला आलेलं जोडपं साधं होतं. तो एसटीच्या आगारात लेखनिक होता, ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. लग्न झाल्यापासून दोघं भाड्याच्या घरात राहत होते. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवायचा, नाहीतर दुसरी जागा बघा म्हणायचा. सध्याची खोली हमरस्त्यावर होती. रात्री उशिरापर्यंत हॉर्न, पहाटेपासून ट्रक. लहान मुलगी झोपेत दचकून उठायची. गावाकडची वाटणी विकून थोडे पैसे हाती आले होते, बाकीचं बँकेचं कर्ज. त्यांचं मागणं एकच होतं. घर लहान असलं तरी चालेल, जुनं असलं तरी चालेल, पण गल्ली शांत हवी.

एजंटनं त्यांना चैत्रातल्या एका रविवारी दुपारी आणलं. मोठा रस्ता मागे पडला, दोन वळणं झाली आणि आवाज एकदम थांबला. दोन्ही बाजूंना मिळून चौदा-पंधरा घरं, कडुनिंबाचा मोहोर रस्त्यावर सांडलेला, एका फाटकावर वाळत घातलेली गोधडी. गल्लीच्या शेवटी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे झाडी. ती शिक्षिका तिथेच थांबली. मुलीचा हात तिनं सोडला आणि मुलगी रस्त्याच्या मधून चालायला लागली. इतक्या वर्षांत तिनं मुलीला रस्त्यावर मोकळं सोडलं नव्हतं.

घरमालक सत्तरीकडे झुकलेले होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा बंगळुरूला होता, त्याच्याकडे कायमचं राहायला जायचं होतं. त्यांनी पाणी दिलं, सरबत दिलं, घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, मोरीच्या दाराशी छोटी अडगळीची खोली. भिंती जाड होत्या, छत उंच होतं. जोडप्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की घर त्यांच्या मनात भरलंय.

एजंट फोनवर बोलायला बाहेर गेला. तेव्हा म्हातारे म्हणाले, "या, एक गोष्ट दाखवायची राहिली."

अडगळीच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. खालची जमिनीपासून चार बोटांवर, वरची साधारण दोन वितींवर. दोन्हींपुढे बारीक अक्षरात 'पाणी' असं लिहिलं होतं.

"हे आमच्या हिच्या हातचं," म्हातारे म्हणाले. "दोनदा आलं पाणी घरात. पहिल्यांदा नुसतं पायाला लागलं. दुसऱ्यांदा गाद्या भिजल्या."

शिक्षिका खाली बसली आणि तिनं वरच्या रेघेपर्यंतची उंची आपल्या वितीनं मोजली. तो मात्र उभाच राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, पण ओढा तर भिंतीपलीकडे आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच तर. तुम्ही आल्यापासून दोनदा म्हणालात, गल्ली किती शांत आहे. का शांत आहे? पुढे रस्ता जात नाही म्हणून. रस्ता का जात नाही? ओढा आहे म्हणून. ओढा नसता तर इथून बस गेली असती. हाच ओढा पूर्वी शहरातून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांनी त्याला पश्चिमेकडे वळवला. वळवलेलं पाणी आहे, मोठा पाऊस झाला की जागा मागतं."

एवढ्यात एजंट आत आला. त्यानं चौकट पाहिली, त्या दोघांचे चेहरे पाहिले. "काका," तो म्हणाला, "गिऱ्हाईक तुम्हीच घालवताय. अहो, एक रंगाचा हात मारला असता तर काय झालं असतं?"

म्हातारे रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि पानशेतची गोष्ट सांगितली. 12 जुलै 1961. ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि घर नदीकाठच्या पेठेत होतं. सकाळी धरण फुटलं. त्यांच्या वाड्यात सांगायला कुणी आलं नाही. रस्त्यावर पळणारी माणसं दिसली तेव्हा वडलांनी पोरांना बाहेर काढलं. आजी मागे राहिली होती, तिला शेजाऱ्यांनी खांद्यावर घेतलं. वाडा दुपारपर्यंत बसला. घरातलं एक भांडंसुद्धा हाती लागलं नाही. शहरापासून दूर, उंचावर जागा हवी म्हणून काही वर्षांनी वडलांनी इकडे प्लॉट घेतला, आणि ओढ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

"आम्हाला कुणी सांगितलं असतं तर अर्धा संसार वाचला असता," ते म्हणाले. "आता मला ठाऊक आहे आणि मी सांगायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही."

घरी जाताना दोघं फारसं बोलले नाहीत. त्याच्या थोरल्या भावाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "सोडून दे ते घर. नाहीतर चांगला दाबून भाव पाड, म्हाताऱ्यानं कोलीत तुझ्या हातात दिलंय." त्यालाही ते पटत होतं. त्यानं त्या आठवड्यात आणखी दोन घरं पाहिली. एका ठिकाणी सगळ्या भिंतींना नुकताच रंग दिला होता आणि मालक एक खिडकी काही केल्या उघडेना. दुसऱ्या ठिकाणी एजंटच सगळं बोलत होता, मालक गप्प होता.

तो वकिलाकडे गेला. वकिलानं 30 वर्षांचा सर्च काढला होता. मिळकत पत्रिका पाहिली होती, इंडेक्स टू पाहिलं होतं, मंजूर नकाशा, कराच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं जागच्या जागी होतं. मालकी निर्वेध होती.

"यात पाण्याचं कुठे असतं?" त्यानं विचारलं.

वकील थोडं थांबून म्हणाला, "यात नसतं. सर्च रिपोर्ट मालक कोण ते सांगतो. नदीच्या काठाला निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. ओढ्याकाठच्या गल्लीत मात्र तिथे जन्म काढलेल्या माणसालाच विचारावं लागतं. तुम्हाला तर त्यानं न विचारता सांगितलं."

रात्री तो हिशेबाची वही घेऊन बसला होता. शिक्षिका मुलीला थोपटत होती. ती म्हणाली, "बाकीच्या घरांत पाणी आलं नसेलच असं आपल्याला कुठे माहीत आहे? इथलं निदान माहीत आहे. कुठून येतं, कितपत येतं. आणि ज्या माणसानं स्वतःहून हे दाखवलं त्याच्या बाकीच्या कागदांवर माझा विश्वास बसतो."

त्यानं वही मिटली. "मला पावसाळा बघायचाय," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांना ते पटलं. त्यांनी विसार घेतला नाही, दुसरं गिऱ्हाईकही बघितलं नाही. मुलाला कळवलं की दसऱ्यानंतर येतो. श्रावणात एक दिवस मोठी झड लागली तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून दोघांना बोलावलं. दोघं भिजत आले. तिघं छत्र्या घेऊन गल्लीच्या टोकाशी गेले. भिंतीच्या फटीतून ओढा दिसत होता, चहाच्या रंगाचा, जोरात धावणारा. घर त्या दिवशी कोरडंच राहिलं. पण म्हाताऱ्यांनी त्यांना मोरीत नेलं आणि जाळीजवळ कान द्यायला सांगितलं.

"पाणी पुढच्या दारानं येत नाही आधी. आधी इथून येतं. एरवी मोरीतलं पाणी गुडगुड करत खाली जातं. ओढा फुगला की तेच उलटं वर ढकलतं. मोरी अशी उलटी बोलायला लागली की तुमच्या हातात फार तर अर्धा तास. आधी मेन स्विच. मग माणसं. मग जमलं तर कागद. सामानाच्या मागे लागायचं नाही."

खोली अंधारी होती आणि कौलावर पडावा तसा पाऊस पत्र्यावर पडत होता. शिक्षिकेनं जाळीवर वाकून बराच वेळ ते ऐकलं. शांत वाहणाऱ्या पाण्याचा आवाज कसा असतो तो तिनं नीट लक्षात ठेवला, म्हणजे बदलला तर कळेल.

भाव पाडायची वेळच आली नाही. म्हातारे स्वतःच म्हणाले की जे काम करून घ्यावं लागेल त्याचा खर्च मी किमतीतून कमी करतो. कामांची यादीही त्यांनीच दिली. वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली गेली, मुदतीत कुणाची हरकत आली नाही, साठेखत झालं, आणि दसरा झाल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोटांचे ठसे आणि फोटो देऊन खरेदीखत झालं. कचेरीतून बाहेर आल्यावर म्हाताऱ्यांनी किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, "चौकटीला रंग द्यायचा असला तर द्या. पण त्या दोन वितींएवढा सोडा."

त्या दोघांनी राहायला येण्याआधी कामं करून घेतली. मीटर डोक्याइतक्या उंचीवर नेला. बटणांचे बोर्ड वर घेतले. हौदाची कडा वाढवली. मागच्या बाजूनं गच्चीवर जायला लोखंडी जिना लावला. खिडक्यांना गज होते, त्यातल्या एका खिडकीला उघडणारी चौकट करून घेतली आणि तिची कडी आतून, मुलीचा हात पोचेल अशी लावली. कुंपणाच्या भिंतीला खालून पाणी जायला भोकं ठेवली. गवंड्याला नवल वाटलं. भोकं बुजवायला लोक त्याला बोलवायचे.

त्याच वर्षी समोरचं घरही विकलं गेलं होतं. तिथे आलेले गृहस्थ मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी घर छान सजवलं, दोन गाड्या मावाव्यात म्हणून अंगण खोल केलं आणि चहूबाजूंनी उंच, भक्कम भिंत घातली. त्यांच्या आधीच्या मालकानं त्यांना ओढ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी लेखनिक त्यांच्याकडे गेला आणि त्यानं जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. रेघा बघायला या म्हणाला.

ते गृहस्थ आले नाहीत. सोसायटीच्या सभेत मात्र विषय निघाला. "असं बोलत सुटलात तर उद्या आमची घरं कोण घेईल?" एकजण म्हणाला. दुसरे म्हणाले, "इतक्या वर्षांत काही झालंय का?" लेखनिकानं वाद घातला नाही. "कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार," एवढं म्हणून तो खाली बसला. त्यानंतर काही महिने गल्लीत त्याच्याशी कुणी मोकळेपणानं बोलत नव्हतं. या दिवसांत त्याला ते घर पहिल्यांदाच फार शांत वाटलं असावं.

पाच पावसाळे गेले. मुलगी सायकल चालवायला त्याच गल्लीत शिकली. घरोघरी वाटीतून कोथिंबीर, दही, गौरीचा फराळ जायला लागला. अबोला आपोआप सुटला. पाण्याचं कुणी बोलत नव्हतं. शिक्षिका मात्र मोठा पाऊस झाला की निजण्याआधी एकदा मोरीत जाऊन उभी राहायची.

25 सप्टेंबर 2019. बुधवार होता, नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. त्या रात्री शहराच्या दक्षिणेला असा पाऊस कोसळला की समोरचा दिवा दिसेना. शिक्षिका मोरीत गेली आणि तशीच परत आली.

"मोरी बोलायला लागली," ती म्हणाली.

त्यानं जाळीवर हात धरला. खालून हवा येत होती आणि मागोमाग गढूळ पाण्याचे बुडबुडे. त्यानं मेन स्विच पाडला. मुलीला आणि कागदांच्या पिशवीला जिन्यावरून गच्चीवर पाठवलं. मग दोघं पावसात बाहेर आले. त्याच्या हातात परात होती, तिच्या हातात लाटणं. त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता एवढा आवाज त्यांनी केला. एकेक फाटक वाजवलं. "वर चला! मेन स्विच पाडा आणि वर चला!" रस्त्यावर तेव्हा घोट्याइतकंसुद्धा पाणी नव्हतं. काही जण चिडूनच दार उघडायला आले. पण त्याचा चेहरा बघितल्यावर कुणी वाद घातला नाही.

समोरचे गृहस्थ आधी गाड्यांकडे धावले. शिक्षिकेनं त्यांचा दंड धरला, आयुष्यात कधी परक्या पुरुषाचा धरला नव्हता असा, आणि म्हणाली, "दादा, आधी आई." त्यांच्या आईला गुडघ्यांमुळे चालता येत नव्हतं. चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि लोखंडी जिन्यानं गच्चीवर नेलं. शेवटचा माणूस वर आला तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. थोड्याच वेळात गल्लीच्या टोकाची दगडी भिंत मोठ्यानं कोसळली आणि ओढा गल्लीत शिरला.

रात्रभर सगळे गच्चीवर ताडपत्रीखाली बसून होते. अंधारात गाड्या एकमेकींवर आदळल्याचे आवाज येत होते. लांबून माणसांच्या हाका येत होत्या. त्या रात्री ओढ्याच्या काठाकाठानं अनेकांचे जीव गेले, जनावरं दावणीला बांधलेली बुडाली, भिंती पडल्या. या गल्लीतली माणसं तेवढी सगळी वाचली.

पहाटे पाणी उतरलं. घराघरांत गुडघाभर चिखल होता. धान्य, गाद्या, पुस्तकं, फ्रीज, सगळं गेलं होतं. लेखनिकाच्या घरातलंही गेलं. समोरच्या खोल अंगणात दोन्ही गाड्या गाळात बसल्या होत्या आणि उंच भिंतीनं अडवलेलं पाणी पुढे दोन दिवस हललं नाही.

दुपारी बंगळुरूहून फोन आला. म्हाताऱ्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. त्यांनी आधी मुलीचं विचारलं, मग शेजारच्या एकेका घराचं. सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर काही वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कुठपर्यंत आलं?"

"बटणांच्या बोर्डाखाली चार बोटं."

"लिहून ठेवा," ते म्हणाले.

शिक्षिकेनं चौकट पुसली आणि तिसरी रेघ ओढली. त्या आठवड्यात गल्लीतली सगळी माणसं एकेक करून ती चौकट बघून गेली. समोरचे गृहस्थही आले. ते बराच वेळ त्या खालच्या दोन रेघांकडे बघत होते. "तुम्ही बोलावलं होतं मला," ते म्हणाले. लेखनिकानं त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

ही गोष्ट मला सांगावीशी वाटली ती या रेघांसाठी. घर घेणारा माणूस जागेचे गुण एका बाजूला मांडतो, दोष दुसऱ्या बाजूला, आणि गुण तेवढे पदरात पडावेत अशी आशा करतो. या गल्लीत तशी वाटणी होणारच नव्हती. ज्या ओढ्यानं शांतता दिली त्यानंच पाणी आणलं. रंगाच्या हाताखाली रेघ गेली असती, पाणी गेलं नसतं. म्हाताऱ्यांनी घराबरोबर ती रेघही दिली म्हणून गल्लीतली माणसं वेळेवर गच्चीवर पोचली, आणि मला वाटतं, त्या व्यवहारातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठल्याच दस्तात लिहिलेली नव्हती.

ती आता लिहिली जाते. पुराच्या पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. ठराव मांडला तो समोरच्या गृहस्थांनी. प्रत्येक घराशी पाणी किती चढलं ते मोजून एका पानावर लिहायचं, खाली मोरीची खूण आणि आधी काय करायचं ते लिहायचं, आणि घर विकताना ते पान ना-हरकत पत्राबरोबर घेणाऱ्याला द्यायचं. एकानं विचारलं, भाव उतरला तर? कुणीतरी म्हणालं, उतरू दे.

भाव थोडा उतरला, असं एजंट सांगतात. त्यानंतर गल्लीतली दोन घरं विकली गेली. दोन्ही नव्या मालकांनी पान वाचलं, लेखनिकाच्या घरी येऊन चौकट पाहिली, गवंड्याला बोलावून मीटर वर घेतला, गच्चीला जिना लावला, आणि मग सामान आणलं.